पोटात दुखतंय म्हणणाऱ्या मुलाला कोण विचारणार?

आमच्या मोहल्ल्यात मशिदीच्या मागच्या खोलीत आम्ही काही मित्र-मैत्रिणी संध्याकाळची अभ्यासिका चालवतो. मुलं पहिली ते पाचवीची. काही उर्दू शाळेतली, काही जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेतली, दोन-चार इंग्रजी माध्यमाची. मागच्या वर्षी तिसरीतला एक मुलगा मधूनमधून गैरहजर राहू लागला. त्या दिवशी त्याची शाळाही बुडायची. विचारलं की उत्तर ठरलेलं, "पेट में दुखरा." अम्मी त्याला दवाखान्यात घेऊन गेली. जंताचं औषध झालं, सोनोग्राफी झाली. काहीच निघालं नाही. मग कुणी म्हणालं नजर लागली असेल. दम केलेलं पाणी पाजलं. पोट दुखायचं थांबलं नाही.

आमचा संशय शाळेवर होता. मुलगा मराठी शाळेत, वर्गात मुस्लिम मुलं दोनच. कुणी काही बोलत असेल, चिडवत असेल, असं आम्ही धरूनच चाललो. मुख्याध्यापकांना द्यायच्या अर्जाचा मसुदासुद्धा माझ्या मोबाइलमध्ये तयार होता. एके दिवशी आमच्यातल्या एकीने त्याला जवळ बसवून वेगळा प्रश्न विचारला, "कौनसे दिन दुखता?" त्याने थोडा विचार केला आणि म्हणाला, "सबक सुनाने का रहता ना, उस दिन."

शाळेत त्याला कसलाच त्रास नव्हता. बाईंचा तर तो लाडका होता. भीती होती ती सकाळच्या मकतबमधल्या छडीची. आमची अभ्यासिका भरते त्याच खोलीत सकाळी मकतब भरतं. छडी कपाटावर ठेवलेली असायची. आम्ही ती रोज पाहत होतो आणि आमच्यापैकी एकालाही तिच्याविषयी काही विचारावंसं वाटलं नव्हतं, कारण आम्ही सगळे तशाच छडीखाली शिकलो होतो.

मोबाइलमधला तो मसुदा मी नंतर खोडून टाकला. पण त्या दिवसापासून एक गोष्ट डोक्यातून जात नाही. शाळेतल्या मुलांच्या मानसिक आरोग्याबद्दल आपण बोलतो तेव्हा आपल्या डोळ्यांसमोर दहावी-बारावीची मुलं असतात, नीटची तयारी करणारी मुलं असतात. सात-आठ वर्षांचं मूल "मला चिंता वाटते" असं म्हणत नाही. ते म्हणतं पोटात दुखतंय, डोकं दुखतंय, शाळेत जायचं नाही. कधी अंथरूण ओलं करतं, कधी धाकट्या भावंडाला मारतं, कधी एकदम गप्प होतं. हे ओळखायला प्रत्येक वेळी मोठी पदवी लागत नाही. ज्याला सांगितलं तर मार बसणार नाही आणि हसूही होणार नाही, असा एक मोठा माणूस त्या मुलाच्या रोजच्या जगण्यात असावा लागतो. प्राथमिक शाळेतल्या मानसिक आरोग्य कार्यक्रमाचा सगळा अर्थ माझ्या मते एवढाच आहे. बाकीचं सगळं त्यासाठी.

मोजणीतच नसलेली मुलं

जागतिक आरोग्य संघटना सांगते की मानसिक आजारांपैकी सुमारे एक तृतीयांश आजारांची सुरुवात वयाच्या १४ वर्षांच्या आत होते. मग आपल्याकडे १४च्या आतल्या मुलांकडे कोण बघतं? बंगळुरूच्या निम्हान्सने २०१५-१६मध्ये केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वर्षांच्या मुलांमध्ये मानसिक विकारांचं प्रमाण ७.३ टक्के आढळलं. त्याखालच्या वयाचा आकडा त्यात नाही. एनसीईआरटीने २०२२मध्ये पावणेचार लाखांहून अधिक विद्यार्थ्यांची पाहणी केली. अभ्यास, परीक्षा आणि निकाल हे चिंतेचं कारण असल्याचं ८१ टक्के मुलांनी सांगितलं. ही मुलं होती सहावी ते बारावीची. केंद्र सरकारने २०२०मध्ये आयुष्मान भारतच्या अंतर्गत शालेय आरोग्य कार्यक्रम सुरू केला, प्रत्येक शाळेत दोन शिक्षकांना आरोग्यदूत करायचं ठरवलं, भावनिक आरोग्याला त्यात स्वतंत्र विषय म्हणून जागा दिली. त्याचीही सुरुवात सहावीपासूनच्या वर्गांनी झाली.

म्हणजे पहिली ते पाचवीचं मूल या मोठ्या मोजण्यांमध्ये आणि योजनांमध्ये दिसतच नाही. ते सहावीत जाईल तेव्हा बघू, असा आपला एकूण कारभार आहे. तोवर पाच वर्षं गेलेली असतात.

कागदावर काय आहे

कागदावर काहीच नाही असं नाही. शिक्षण हक्क कायदा, २००९च्या कलम १७ने मुलांना शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोन्हींवर बंदी घातली. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात २०१३पासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी होते, त्यात वाढीतले अडथळे आणि अध्ययन अक्षमताही धरलेल्या आहेत. महाराष्ट्र सरकारने २०२४मध्ये पहिली ते आठवीसाठी 'आनंददायी शनिवार' आणला. त्याच्या यादीत योग-प्राणायाम आहे, तसंच समस्या सोडवण्याची तंत्रं आणि नातेसंबंध हाताळण्याचं कौशल्यही आहे.

सर्वांत मोठी गोष्ट जुलै २०२५मध्ये घडली. विशाखापट्टणममध्ये नीटची तयारी करणाऱ्या १७ वर्षांच्या मुलीच्या मृत्यूचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं होतं. त्या निकालात न्यायालयाने देशातल्या सगळ्या शिक्षणसंस्थांसाठी मार्गदर्शक तत्त्वं घालून दिली आणि कायदा होईपर्यंत ती बंधनकारक केली. ज्या संस्थेत १०० किंवा त्याहून अधिक विद्यार्थी आहेत तिथे किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता हवा. जिथे विद्यार्थी कमी आहेत, तिथे बाहेरच्या तज्ज्ञाशी रीतसर जोडणी हवी. शिक्षक आणि शिक्षकेतर कर्मचाऱ्यांना वर्षातून किमान दोनदा प्रशिक्षण हवं. या आदेशात खासगी शाळा येतात, सरकारी शाळा येतात, तुमच्या-माझ्या मोहल्ल्यातली शाळाही येते.

आता आपल्यापैकी किती जणांनी आपल्या धाकट्या भावाच्या शाळेत जाऊन विचारलं, की समुपदेशक कोण आहेत? मी स्वतः हा लेख लिहायला बसेपर्यंत विचारलं नव्हतं.

डोळे मिटून बसणं पुरेसं नाही

शाळांकडून मिळणारं नेहमीचं उत्तर म्हणजे, "आमच्याकडे ध्यानाचा तास आहे." दहा मिनिटं डोळे मिटून श्वासाकडे लक्ष देण्यात वाईट काही नाही. पण त्याने काम होतं का? ब्रिटनमध्ये ८ हजारांहून अधिक शाळकरी मुलांवर झालेल्या एका मोठ्या प्रयोगाचे निष्कर्ष २०२२मध्ये आले. वर्गातल्या सरसकट सगळ्या मुलांना माइंडफुलनेस शिकवून, नेहमीच्या पद्धतीने शिकणाऱ्या मुलांपेक्षा त्यांचं मानसिक आरोग्य सुधारलं नाही, असं त्यातून दिसलं. ती मुलं आपल्या प्राथमिकच्या मुलांपेक्षा मोठी होती, तरीही हा इशारा लक्षात ठेवण्यासारखा आहे. एक तंत्र शिकवून शाळा मोकळी होऊ शकत नाही.

याउलट 'झिपीज फ्रेंड्स' नावाचा कार्यक्रम बघा. पाच ते सात वर्षांच्या मुलांसाठी तयार केलेला हा कार्यक्रम अनेक देशांत चालतो. सहा भाग, एकूण २४ तास. झिपी हा काडीसारखा दिसणारा एक किडा आहे आणि त्याचे मित्र म्हणजे काही लहान मुलं. त्यांच्या गोष्टींमधून मुलं आपल्या भावनांना नाव द्यायला शिकतात, मदत मागायला शिकतात, भांडण मिटवायला शिकतात. कथेच्या ओघात झिपी मरतो, आणि मग वर्ग त्याबद्दल बोलतो. जवळचं कुणी गेलं की काय वाटतं, कुणाला सांगायचं. पाच वर्षांच्या मुलांशी मृत्यूबद्दल बोलायचं? हो. कारण पाच वर्षांच्या मुलांचेही दादा-दादी जातात, आणि त्या दिवशी घरातले मोठे त्यांना शेजारच्या घरी पाठवून देतात.

आणखी एक प्रयोग आपल्या देशातला. बिहारच्या नालंदा जिल्ह्यात सरकारी माध्यमिक शाळांमध्ये गोव्याच्या 'संगाथ' या संस्थेने 'सेहर' नावाचा कार्यक्रम राबवला. ७४ शाळा होत्या. काही शाळांमध्ये शिक्षकांकडे जबाबदारी दिली, काहींमध्ये प्रशिक्षण दिलेल्या साध्या, बिगरतज्ज्ञ समुपदेशकांकडे. जिथे हे समुपदेशक होते तिथे शाळेचं वातावरण सुधारलं, दादागिरी कमी झाली, मुलांमधली नैराश्याची लक्षणं कमी झाली. जिथे शिक्षकांवरच आणखी एक काम टाकलं, तिथे तसा फरक पडला नाही. हा अभ्यास नववीच्या मुलांचा होता, पण त्यातला धडा आपल्याला उपयोगी आहे. मनोविकारतज्ज्ञ प्रत्येक गावात मिळणार नाही. नीट शिकवलेला, नियमित येणारा, मुलांवर सत्ता न गाजवणारा तरुण मिळू शकतो. हा लेख वाचणाऱ्यांमध्ये असे कितीतरी जण आहेत.

वर्गातला द्वेष हाही आरोग्याचाच प्रश्न

मी सुरुवातीला शाळेवर संशय घेतला तो या वेळी चुकीचा निघाला. पण तो हवेतून आला नव्हता. ऑगस्ट २०२३मध्ये उत्तर प्रदेशातल्या मुझफ्फरनगर जिल्ह्यातला तो व्हिडिओ आपण सगळ्यांनी पाहिला. दुसरीतला सात वर्षांचा मुस्लिम मुलगा वर्गात उभा आहे आणि शिक्षिका बाकीच्या मुलांना एकेक करून त्याच्या गालावर मारायला सांगते आहे. कारण काय, तर त्याचे पाढे पाठ नव्हते. महात्मा गांधींचे पणतू तुषार गांधी हे प्रकरण घेऊन सर्वोच्च न्यायालयात गेले. न्यायालयाने त्या मुलाच्या समुपदेशनाचा आदेश दिला, आणि ज्या मुलांना मारायला लावलं होतं त्यांच्याही समुपदेशनाचा दिला. ते कसं करावं हे सुचवण्यासाठी मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेची मदत घेतली.

हा दुसरा भाग मला फार महत्त्वाचा वाटतो. मार खाणाऱ्याच्या मनावर घाव होतो हे सगळ्यांना कळतं. ज्या लहान मुलाच्या हाताने मारवून घेतलं, त्याच्याही मनात काहीतरी मोडतं. म्हणून मुलांच्या मानसिक आरोग्याची मागणी करताना आपण फक्त 'आमच्या' मुलांसाठी काही मागत नसतो. वर्गात एका मुलाला नावावरून, डब्यावरून, टोपीवरून वेगळं पाडलं जात असेल, तर त्या वर्गातल्या चाळीसही मुलांचं आरोग्य बिघडत असतं. ध्यानाचा तास ठेवून त्यावर उपाय होत नाही.

आपल्या घरातले दोन अडथळे

पहिला अडथळा म्हणजे "ईमान कमजोर है, नमाज पढ़ो, सब ठीक हो जाएगा." नमाजने मनाला आधार मिळतो, यात शंका नाही. पण दु:ख होणं म्हणजे ईमान कमी असणं, हे कुठून आलं? सूरह यूसुफमध्ये हजरत याकूब (अलै.) यांची हकीकत आहे. मुलाच्या वियोगाने रडून रडून त्यांचे डोळे पांढरे झाले. ते पैगंबर होते. त्यांचं ईमान कमजोर होतं असं म्हणायची कुणाची छाती आहे? दहाव्या शतकात वारलेले अबू झैद अल-बल्खी यांनी शरीर आणि मन या दोन्हींच्या आरोग्यावर एकत्र ग्रंथ लिहिला, कारण शरीर आजारी पडतं तसं मनही पडतं हे त्यांनी ओळखलं होतं. आपण मात्र हजार वर्षांनंतरही मानसोपचार म्हटलं की आवाज खाली करतो.

लहान मुलांच्या बाबतीत तर सीरतमध्ये एक प्रसंग आहे, जो मला प्रत्येक शिक्षकाला सांगावासा वाटतो. हजरत अनस (रजि.) यांचा धाकटा भाऊ अगदी लहान होता. त्याने एक छोटा पक्षी पाळला होता. तो मेला. पैगंबर मुहम्मद (स.) त्यांच्या घरी आले तेव्हा मुलगा उदास बसलेला दिसला. त्यांनी घरच्यांना कारण विचारलं, आणि मग त्या चिमुरड्याला मोठ्या माणसाला मारावी तशी 'अबू उमैर' अशी हाक मारून त्याच्या पक्ष्याची चौकशी केली. एक पक्षी तर होता, दुसरा आणू, असं म्हणून विषय संपवला नाही. त्याचं दु:ख खरं मानलं. त्याच अनस (रजि.) यांनी दहा वर्षं पैगंबरांची (स.) सेवा केली आणि त्या दहा वर्षांत त्यांना एकदाही साधं 'उफ्' ऐकावं लागलं नाही, हेही त्यांनीच सांगितलं आहे. आपण ही सुन्नत मिंबरवर ऐकतो आणि खाली उतरून मुलाच्या हातावर छडी ओढतो.

दुसरा अडथळा म्हणजे आपला सगळा जोर एकाच वादात जातो. 'आनंददायी शनिवार' म्हटलं की आपल्याकडे चर्चा सुरू होते ती योग चालेल की नाही यावर. एखाद्या कृतीला धार्मिक विधीचं रूप असेल तर पालकांनी शाळेशी शांतपणे बोलावं, पर्याय मागावा. तो त्यांचा हक्क आहे. पण दीर्घ श्वास घेण्याला धर्म नसतो. आणि त्याच यादीतलं 'नातेसंबंध हाताळण्याचं कौशल्य' आमच्या शाळेत कोण शिकवतं, कधी शिकवतं, हे आपण कधी विचारलं? नको असलेल्या एका गोष्टीवर बोलताना हव्या असलेल्या चार गोष्टी आपण सोडून देतो.

जिथे कायद्याचं छत्र नाही

आता सगळ्यात अवघड मुद्दा. शिक्षण हक्क कायदा मदरसे, वैदिक पाठशाळा अशा प्रामुख्याने धार्मिक शिक्षण देणाऱ्या संस्थांना लागू नाही, हे २०१२च्या दुरुस्तीने स्पष्ट केलं. २०१४मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अल्पसंख्याक संस्थांच्या शाळाही या कायद्याच्या बाहेर ठेवल्या. संस्था चालवण्याच्या आपल्या हक्काचं रक्षण म्हणून आपण त्याचं स्वागत केलं. पण याचा एक अर्थ असाही होतो, की जिथे आपली मुलं पूर्णपणे आपल्याच हातात आहेत, तिथेच कलम १७चं संरक्षण त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही. मुलाला क्रूरपणे वागवणं हा बाल न्याय कायद्याखाली गुन्हा आहेच. तरी रोजच्या छडीसाठी कोण पोलिसात जाणार? तिथे छत्र धरायचं ते आपणच.

आम्ही हाफिजसाहेबांशी बोललो. मला वाटलं होतं वाद होईल. बावीस वर्षांचा मुलगा तो. घर शेकडो मैलांवर, पगार तुटपुंजा, समोर साठ मुलं, वेगवेगळ्या सबकावर असलेली, आणि ऐकायला एकटा. तो एवढंच म्हणाला, "हमने भी ऐसे ही पढ़ा है." त्यालाही कधी कुणी विचारलं नव्हतं. ट्रस्टींमधले एक बुजुर्ग म्हणाले, छडीशिवाय पाठांतर होत नाही. दोन बैठका गेल्या. शेवटी ठरलं ते असं : मुलांचे दोन गट करायचे, सबक ऐकायला आमच्यातल्या दोघांनी सकाळी यायचं, हाफिजसाहेबांचा पगार थोडा वाढवायचा आणि छडी खोलीत ठेवायची नाही. कपाटावरची जागा आता रिकामी आहे. त्या मुलाची पोटदुखी कमी झाली. अजिबात गेली, असं मी म्हणणार नाही.

आपण काय करू शकतो

पहिलं, आपल्या भावंडांच्या शाळेत जा आणि विचारा. जिल्हा परिषद आणि महापालिकेच्या शाळांत शाळा व्यवस्थापन समिती असते, तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. तुमच्या अम्मी-अब्बूंपैकी कुणी त्यात आहे का बघा. नसेल तर पुढच्या वेळी उभं करा. समुपदेशक नेमला आहे का, शिक्षकांचं प्रशिक्षण झालं का, हे दोनच प्रश्न बैठकीच्या इतिवृत्तात लिहून घ्या. शिक्षकांशी भांडू नका. शाळाबाह्य कामांच्या ओझ्याखाली तेही दबलेले आहेत.

दुसरं, भाषेचा आग्रह धरा. आपल्या घरातलं मूल दखनीत किंवा कोकणीत घाबरतं, शाळेत मराठीत किंवा उर्दूत शिकतं. "जी घबराता" म्हणणाऱ्या मुलाला फलकावरचा 'ताणतणाव' हा शब्द कळत नाही. समुपदेशक येईल तेव्हा त्याला मुलाची बोली कळली पाहिजे. आणि ही बोली कळणारी माणसं आपल्यातूनच तयार होणार आहेत. बारावीनंतर इंजिनिअरिंग आणि फार्मसीच्या रांगेत उभं राहताना मानसशास्त्र आणि समाजकार्य यांचाही विचार करा. मुलींनी तर नक्कीच करा, कारण पडद्याआडच्या मातांपर्यंत तुम्हीच पोहोचाल.

तिसरं, दोन क्रमांक पाठ ठेवा. १४४१६ हा सरकारच्या टेलिमानसचा, ऑक्टोबर २०२२पासून चालू असलेला. १०९८ हा मुलांच्या मदतीचा. मकतबच्या आणि अभ्यासिकेच्या भिंतीवर ते मोठ्या अक्षरात लिहा.

चौथं काम आजपासून करता येईल, त्याला पैसा लागत नाही. आमच्या अभ्यासिकेत आता पहिली दहा मिनिटं पुस्तक उघडायचं नाही असा नियम आहे. एकेकाला विचारायचं, "आज क्या हुआ?" सुरुवातीला मुलं "कुछ नहीं" म्हणायची. आता बोलतात. कुणाची बकरी विकली गेली, कुणाचे अब्बू दुबईला गेले, कुणाच्या वहीचं पान फाडलं. बहुतेक गोष्टींवर आमच्याकडे उपाय नसतो. आम्ही ऐकतो, आणि जे आमच्या आवाक्याबाहेरचं असेल ते पुढे कुणाला सांगायचं हे आता आम्हाला माहीत आहे.

आज घरी गेल्यावर तुमच्या धाकट्या भावाला किंवा बहिणीला जवळ बसवा. किती मार्क पडले, सबक झाला का, हे नंतर. आधी आज काय झालं ते विचारा, आणि ते बोलेल तेव्हा हातातला मोबाइल बाजूला ठेवा.